गेटवरची गोळी

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमध्ये चांगुणानं सतरा हंगाम द्राक्षाची कात्री चालवली आणि एक मणी तोंडात टाकला नाही. कुणी विचारो न विचारो, ती हे सांगायचीच. "नागलीच्या भाकरीवर वाढलेलं पोट हाय माझं. फुकटचं द्राक्ष त्याला पचायचं नाय."

सुरगाण्याच्या डोंगरातून ती नवऱ्याबरोबर बागांच्या छाटणीला आली होती. नवऱ्याला दारूनं नेलं. तेव्हापासून दारूचा वास आला की ती रस्ता बदलायची. घड हातात धरून खराब मणी असे टिपायची, की शेजारच्या मण्याला पत्ता लागू नये.

आता या हॉलचा सोवळेपणा बघा. डोक्याला जाळी, तोंडाला पट्टी, हातात मोजे. बांगड्या बाहेर, टिकली बाहेर, पिशवी गेटवरच्या खोलीत कुलपात. खिशात बडीशेपेचा दाणाही चालत नाही. आत कुणी मणी खाताना दिसली, तर ती बाई दुसऱ्या दिवशी कामाला आणणाऱ्या टेम्पोत नसते. परदेशातल्या कुणाच्या बशीत केस जाऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त! इथं उभ्या असलेल्या बाईच्या पोटात सकाळपासून काय गेलंय, हे तपासायला मात्र कुठला साहेब वही घेऊन येत नाही.

दिवाळीनंतरच्या आरोग्य शिबिरात चांगुणाची शुगर वाढलेली निघाली. गोळ्या देणाऱ्यानं मान वर न करता पाकीट सरकवलं. "रोज सकाळी एक, जेवणाआधी. पुढचे या." जेवणाआधी म्हणजे किती आधी, हे विचारायला तिनं तोंड उघडलं तोवर पुढची बाई आली होती.

मग उरले टेम्पोतले डॉक्टर. बारा बायका आणि तेरा सल्ले. कलाबाई म्हणे, कारल्याचा रस पी आणि गोळी फेकून दे. आशा म्हणे, "माझी सासू गोड खाल्लं की दोन-दोन गोळ्या घ्यायची."

"कुठं हाय आता तुझी सासू?" चांगुणानं विचारलं.

"गेली की गं, गेल्या वर्षी."

"मग बरोबर. तुझं ऐकते, म्हणजे तिची गाठ लवकर पडंल."

दुसऱ्यांना अशी टोलवणारी ही बाई स्वतः काय करत होती? पहाटे घर सोडताना कोरा चहा. साडेसातला पिशवी कुलपात जायच्या आत, गेटवर उभ्या उभ्या गोळी. न्याहारीची बेल नऊला, भाकरी तेव्हा. दीड तास नुसत्या चहावर! जेवणाआधीच तर घेते, मग चुकलं कुठं? नऊच्या सुमाराला हात थरथरायचे, त्याला ती हॉलची थंडी म्हणायची. अभिमान माणसाला आंधळं करतो, आणि चांगुणाकडे तो क्रेटनं होता.

फेब्रुवारीत एक दिवस परदेशी जाणारा माल न्यायला कंटेनर लागला. सुपरवायझर दिनेशनं टाळी वाजवली. "आज नऊची सुट्टी नाही. माल भरा, मग सगळ्या एकदमच जेवा!" हे फर्मान सोडताना त्याच्या शर्टाच्या खिशावर सकाळच्या मिसळीची तर्री सांडलेली होती. भरल्या पोटाला दुसऱ्याची भूक पुढे ढकलायला काय जातं?

चांगुणाची गोळी पोटात गेलेली होती. भाकरी कुलपात होती.

दहाला तिच्या हातून कात्री पडली. उचलली, पुन्हा पडली. त्या गारठ्यात पाठ घामानं भिजली. एका घडाचे दोन दिसायला लागले. शेजारी कात्री चालवणारी माजिदा काही बोलली, तर चांगुणा तिच्यावर विनाकारण खेकसली आणि टेबलाला धरून खाली बसली.

दिनेश आला. "काय मावशी, सकाळीच टाकून आलात? डोंगरातली सवय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही."

दारूनं जिचं कुंकू पुसलं, तिला हे! एरवी चांगुणानं त्याला त्याच्या मिसळीसकट धुतला असता. पण जीभ टाळूला चिकटली होती. नुसतं डोळ्यांत पाणी आलं.

माजिदाच्या घरात निसार, तिचा नवरा, याच गोळीवर होता. मागच्या रमजानात तो असाच पडला होता. तिनं चांगुणाचं ओलं कपाळ हातानं पाहिलं आणि टेबलावरची मूठभर द्राक्षं उचलली.

"ए, ठेव ते!" दिनेश ओरडला. "तिला शुगर आहे! शुगरवालीला द्राक्षं चारतेस? मेली तर माझ्या गळ्यात येईल."

"शुगर वाढली नाही, उतरलीय! गोळी घेतलीय, पोटात दाणा नाही. आत्ता गोड नाही दिलं, तरच तुमच्या गळ्यात येईल. चहा आणा, साखर घालून. पळा ना!"

आणि चांगुणा? चांगुणानं दात आवळले. सतरा हंगामांची इमानदारी त्या दातांमागे दडून बसली होती.

"मावशी, तोंड उघड," माजिदा तिच्या कानाशी म्हणाली. "शुद्धीत आहेस तोवरच चारता येतं, मग घशात अडकतं. मेलीस तर तुझी इमानदारी काय डबीत भरून परदेशी पाठवू?"

दात उघडले. एक मणी गेला. चावला. दुसरा. मग दिनेशच्या हातचा गोडमिट्ट चहा. पंधरा मिनिटांत डोळ्यांत माणूस परत आला आणि चांगुणाचं पहिलं वाक्य निघालं: "पाणचट हायत. ह्याच्यासाठी एवढी मरमर?"

माजिदानं तिला भाकरी चारली आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या संध्या डॉक्टरनी तिला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. ही गोळी दिवसभर काम करते, साखर पुन्हा घसरू शकते, म्हणाल्या. "गोळी पहिल्या घासाबरोबर. घास समोर नसेल तर गोळीही नाही. मनानं बंद करायची नाही, वाढवायची नाही. न्याहारी चुकली तर काय करायचं, ते मला विचारायचं. आणि साखरेची पुडी कायम अंगावर."

"आत पुडी चालत नाय."

"मी लिहून देते. कसं चालत नाही बघू."

दुसऱ्या दिवशी साडेसातला चांगुणा गेटच्या पायरीवर बसली. तिनं फडकं सोडलं, नागलीची भाकरी मोडली, पहिला घास घेतला आणि त्याबरोबर गोळी. डॉक्टरची चिठ्ठी गुडघ्यावर, साखरेची पुडी चिठ्ठीवर. माजिदा शेजारी बसली. मग आशा. मग कारलंवाली कलाबाईसुद्धा. बघता बघता पायरी भरली.

"मावशी, आत चला, मालाची गाडी थांबलीय," दिनेश म्हणाला. आज आवाजात साय होती.

"नऊची बेल रोज वाजणार का?"

"बघू."

"बघा." चांगुणानं दुसरा तुकडा मोडला. "गाडीला काय गोळी नाय चालू. ती थांबंल."

गाडी हॉर्न देत राहिली. चांगुणा सावकाश चावत राहिली. तिसऱ्या तुकड्याला दिनेशनं खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीच्या मागं 'नऊची बेल रोज' असं लिहून सही केली. तिनं ती चिठ्ठी पुडीभोवती गुंडाळली, कमरेला खोचली आणि उरलेली भाकरी खायला लागली.

"आता तरी चला!"

"घास तोंडात हाय," चांगुणा म्हणाली.