पुसलेली वेल

पेंटरचाचांनी सिनेमाच्या फलकांवर हजारभर तरी चेहरे रंगवले असतील. शिडीवर उभं राहून ते हातभर लांब डोळा काढत, तेव्हा येणारे-जाणारे मान वर करून थांबत. घरात मात्र एकही चित्र नव्हतं. ज्यात जीव घालता येत नाही त्याचा चेहरा काढू नये, असं चाचींना मनापासून वाटे. त्यांनी एकदाच विचारलं, "उद्या वर अल्लाह म्हणाला, यात प्राण फुंक, तर काय सांगाल?" चाचा हसले. पण पुढच्या महिन्यापासून दुकानांच्या पाट्याच लिहू लागले.

चाची गेल्या. मुलगी सासरी, लांब. संध्याकाळी एका माणसापुरतं शिजवायचं आणि तेही उरायचं. ओळखपत्रावर चाचींचा फोटो होता, पण त्यात त्या घाबरलेल्या दिसत. एका दुपारी चाचांनी कागद ओढला. कपाळ काढलं, ओढणी काढली आणि डोळ्यांपाशी हात अडला. ते उठून मौलानांकडे गेले.

मौलानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चेहरा काढा, असं मी सांगू शकत नाही. पण हात रिकामा ठेवू नका. अल्लाहला सौंदर्य आवडतं." मशिदीतली, नमाज पढताना समोर येणारी भिंत त्यांनी चाचांच्या हवाली केली.

चाचा तीन आठवडे खपले. निळी-हिरवी वेल, पानातून फुटलेलं पान, मधून अक्षरांची ओळ. हे चाचींना दाखवता आलं असतं, असं दर पानागणिक मनात येई.

शुक्रवारी नमाजनंतर कमिटीतले एक बुजुर्ग जवळ आले. "काम फार सुंदर झालंय, तीच अडचण आहे. मी नमाजमध्ये पानं मोजत बसलो."

चाचांना राग आला नाही. चाचीही हेच म्हणाल्या असत्या. दुसऱ्या कुणाला बोलावू न देता त्यांनी स्वतःच पांढरा रंग मारला. दोन हात देऊनही वेल खालून दिसत राहिली. तिसरा द्यावा लागला.

मग मौलानांनी वजूच्या जागेची भिंत देऊ केली. हातपाय धुताना नजर इकडेतिकडे गेली तरी बिघडत नाही, म्हणाले. चाचांनी तिथे नव्याने वेल काढली.

काम संपलं त्या दिवशी बुजुर्ग हात धुऊन झाल्यावरही तिथेच बसून भिंतीकडे बघत होते. चाचांनी ब्रश धुतले. घरी सांगायला कुणी नव्हतं. ते बुजुर्गांशेजारी जाऊन बसले.