भावजींच्या ताब्यातले रकाने

मोठ्या भावाने होणारी बायको पहिल्यांदा घरी आणली, तेव्हा धाकट्याने तिला अशा नजरेने न्याहाळलं, की सरहद्दीवरची झडती यापेक्षा प्रेमाने घेतली जात असेल असं तिला वाटलं. फोटोत तिच्या गालावर तीळ दिसत नव्हता, प्रत्यक्षात होता. एवढ्या सुतावरून गृहस्थांनी स्वर्ग गाठला आणि ही बाई दुसरीच कुणीतरी आहे, असं आईच्या कानात सांगून टाकलं. पुढे लग्न झालं, ती वहिनी झाली, हे भावजी झाले. तिळाचा खुलासा समाधानकारक झाला, असं भावजींनी अजून मान्य केलेलं नाही.

वहिनींनी आजाऱ्यांच्या घरी नर्स पाठवणारी एजन्सी काढली आणि तिची वेबसाइट भावजींनी बांधली. त्यासाठी घेतलेल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्यात, मालकाने माहिती बदलायचं अॅडमिनचं पान आयतं मिळतं; ते वहिनींकडे होतं. त्यात प्रत्येक नर्सचं नाव, ईमेल आणि पासवर्ड एवढंच होतं. बाकीची माहिती, म्हणजे फोन, पत्ता, ड्यूटीची वेळ, कुत्र्याची भीती आहे की नाही, भावजींनी वेगळ्या प्रोफाइलमध्ये ठेवली. त्या प्रोफाइलला हात लावायचा तर भावजींचाच लॅपटॉप लागे, आणि तो लॅपटॉप ते कपाटामागच्या टेबलावर, भिंतीला पाठ लावून वापरत. कुणी नर्सने घर बदललं की वहिनी त्यांना सांगत आणि भावजी विचारत, "अचानक का बदललं?"

एक दिवस वहिनी म्हणाल्या, ती माहितीही माझ्या पानावर आणा, मीच बदलत जाईन. भावजींच्या मनात पाल चुकचुकली. हे रकाने भरण्याचाच तर त्यांना पगार मिळत होता. रकाने वहिनींच्या हाती गेले की भावजींचं काय उरणार? दादाही हल्ली आपल्याशी जरा जास्तच गोड बोलतो, हेही त्यांना तेव्हाच आठवलं.

काम सकाळभराचं होतं. फ्रेमवर्कचं मूळ पान काढायचं, त्याजागी आपलं बसवायचं आणि खाली प्रोफाइल जोडायचं. भावजींनी ते महिनाभर चघळलं. शेवटी पान आलं. सगळे रकाने दिसत होते, पण एकही बदलत नव्हता, कारण भावजींनी ते फक्त वाचण्यापुरते ठेवले होते. वहिनींनी क्लिक करून करून बोट दुखवून घेतलं. मग नवा माउस आणला. भावजींनी माउस हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि माल नकली दिसतो, असं गंभीरपणे सांगितलं.

तेवढ्यात एका ठेंगण्या नर्सला कुत्रं चावलं. कुत्र्याच्या भीतीपुढे 'आहे' करा, असा वहिनींनी निरोप दिला. नको ती घरं टाळायचा हा बहाणा असणार, असं ठरवून भावजी डॉक्टरच्या चिठ्ठीची वाट पाहत बसले. इकडे 'नाही' वाचून वहिनींच्या मदतनीस बाईंनी तिला नेमकं कुत्रेवाल्या घरी धाडलं. इंजेक्शन द्यायला गेलेली नर्स जेवणाच्या टेबलावर चढून बसली आणि तिला उतरवायला रुग्णालाच अंथरुणातून उठावं लागलं.

वहिनी फोन ठेवून थेट कपाटामागे आल्या.

"भावजी, रकाने तुम्हीच बंद ठेवलेत ना?"

"सुरक्षेसाठी."

"कुणापासून?"

भावजींनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग खोटं बोलवेना.

"तुमच्यापासून. हे उघडलं की तुम्ही मला काढणार. सगळं कळतं मला."

"आधी उघडा. मग बोलू."

भावजींनी रकाने बंद ठेवणारी ती एक ओळ पुसली. वहिनींनी आपल्या टेबलावर जाऊन ठेंगणीच्या नावापुढे 'आहे' केलं, सेव्ह केलं, पान बंद करून पुन्हा उघडलं. 'आहे' जागच्या जागी होतं. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"तुमचा संशय खरा आहे, भावजी," त्या म्हणाल्या. "मी आणि तुमच्या दादांनी कधीच ठरवलंय. तुम्हाला कसं सांगायचं, एवढंच ठरत नव्हतं."

आयुष्यात पहिल्यांदाच आपला संशय खरा निघाला, याचं भावजींना इतकं समाधान वाटलं, की पुढचं वाक्य त्यांच्या कानावर नीट गेलंच नाही. महिनाअखेरीस त्यांची नोकरी गेली.