खिशातलं पिस्तूल आणि सत्यनारायण

दुकान बंद करताना एकाने माझ्यावर चाकू रोखला, त्यानंतर मी पिस्तूल बाळगायचं ठरवलं. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावाबाहेर आमचं लहानसं किराणा दुकान होतं आणि दिवे मालवून मी एकटाच गाडीकडे जायचो. हे २००४ सालचं. शेरीफच्या कचेरीतून रीतसर परवाना काढला. बायकोने मात्र तिची अट घातली.

"ते खिशात असताना मला एकदा जरी भीती वाटली, तरी ते घरातून जाईल. मग वाद नको."

मी कबूल झालो.

अर्धवट काम मला जमत नाही. पिस्तूल नुसतं खिशात टाकायचं नसतं. त्यासाठी चामड्याचं म्यान मिळतं, पॉकेट होल्स्टर. त्यात चाप झाकला जातो आणि बाहेरून पाकीट ठेवल्यासारखं दिसतं. सगळं मिळून वजन बावीस औंस, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅम भरलं, दुकानातल्याच काट्यावर. त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही, किल्लीसुद्धा नाही. मग उभं राहून पाहिलं, वाकून पाहिलं, तांदळाची पोती उचलली, गाडीत बसलो. होल्स्टर तसूभरही हललं नाही. आता काही तपासायचं राहिलं नाही, असं मला वाटलं.

एका रविवारी दुकानातून परस्पर एका तरुण जोडप्याकडे सत्यनारायणाला गेलो. बायको आधीच तिथे होती. बूट काढले, सतरंजीवर मांडी घातली आणि लगेच कळलं. जांघेत दुमडलेल्या खिशातून होल्स्टर पिस्तुलासकट वर सरकलं होतं. मूठ खिशाच्या तोंडाशी आली होती. मी वरून हात दाबून धरला.

इतक्यात यजमानीणबाई आपली वर्षाची मुलगी घेऊन आल्या. "काका, दोन मिनिटं धरा हो हिला, माझ्या पुऱ्या तेलात आहेत."

आपल्याकडे असं मूल कुणाच्याही मांडीवर ठेवतात, विचारत नाहीत. मी ताडकन उभा राहिलो.

"अहो काका, घाबरलात काय? डायपर आत्ताच बदललाय!" त्यांचा नवरा म्हणाला. सगळे हसले. बाईंचा चेहरा मात्र उतरला. मुलीला कडेवर घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या.

बायको हसली नाही. ती खिशावर दाबलेल्या माझ्या हाताकडे बघत होती.

मी गाडी काढली, घरी गेलो, पिस्तूल तिजोरीत कुलपात ठेवलं आणि परत आलो. कथा संपून आरतीही झाली होती. बायको आरतीचं तबक घेऊन दाराशी आली.

"कुठे गेला होतात?"

"ठेवून आलो. मांडी घातल्यावर ते वर येतं. मी ते तपासलंच नव्हतं."

"मला भीती वाटली."

"माहीत आहे."

अट अटच होती. होल्स्टर बदलता आलं असतं, कमरेचं घेता आलं असतं. ते सगळे पर्याय मला तोंडपाठ होते. मी एकही बोललो नाही.

"उद्या विकून टाकतो," मी म्हणालो. "दुकान यापुढे उजेड असेपर्यंतच. संध्याकाळची गिऱ्हाइकं गेली तर गेली."

तिने मान हलवली आणि तबक माझ्यापुढे केलं.