गुण्या आणि गोविंद

चौकोनी भोकं पाडायच्या यंत्रात पोकळ पटाशी असते आणि तिच्या पोटात गिरमिट फिरतं. दोघांच्या टोकांत दीड मिलिमीटर फट ठेवावी लागते. पटाशी मागच्या पट्टीशी सरळ आहे की नाही, हे गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून बघावं लागतं.

माझ्या धाकट्या भावाने, गोविंदने, काल यातलं काहीच केलं नाही. आमच्या दोन घरांमधली सामाईक पडवी मधोमध दार लावून विभागायची आहे. दाराच्या सागवानी चौकटीत आडव्या लाकडाचं टोक, म्हणजे कुसू, बसवायच्या खाचेसाठी त्याने नुसत्या अंदाजाने ओळीने भोकं पाडली. लाकूड करपलं आणि खाचेची कड करवतीच्या दातांसारखी झाली.

"चालतंय की, अण्णा. कुसू आत गेलं की कोण बघतंय?"

"कुसू हलेल, दार लोंबेल. आणि सागवान आता चौकटीच्या एकाच बाजूपुरतं उरलंय."

बायको आतून म्हणाली, "कसे गुण्यागोविंदाने काम करताय!"

"गुण्या माझ्या हातात आहे. गोविंद त्याला शिवत नाही."

मी त्या खाचेकडे बघत राहिलो. त्यातलं एकेक भोक सुटं बघितलं तर चौकोनीच दिसतं. शेजारी दुसरं पडलं की तिरकेपणा उघडा होतो. आम्ही दोघं दोन गावांत राहिलो असतो, तर एकमेकांना सरळच वाटलो असतो.

पटाशी सैल करून मी ती गुण्याला टेकवली. गोविंद चिडून म्हणाला, "निदान कडी तरी मला लावू दे."

"लाव," मी म्हणालो, "पण माझ्या बाजूने."