घोंगडं काढ

"घोंगडं काढ," बाप म्हणाला.

मी काढलं. घडी घालून बांधावर ठेवलं. आमच्या घरी घोंगडं म्हणजे देवाचं. त्याच्यावर कुणाचा आसूड पडू नये, म्हणून मार खायच्या आधी ते उतरवायचं, ही बापाची शिकवण. घोंगड्याला लागता कामा नये. पोराच्या पाठीला लागलं तर चालतं.

आम्ही जतकडचे धनगर. उन्हाळा लागला की कळप घेऊन सांगलीकडं कृष्णाकाठी उतरायचो. बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत त्याला, जोंधळा आम्हाला. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली रान होतं एका सुभेदाराचं. पलटणीतून पेन्शनीत आलेला, मिशीला पीळ. माझी एक मेंढी त्याच्या उसात शिरली होती. मी चौदाचा.

सुभेदारानं आसूड स्वतः चालवला नाही. पोराच्या हातात दिला. पोरगा माझ्याच वयाचा, सांगलीला इंग्रजी शाळेत जाणारा. आदल्या दिवशी विहिरीवर त्यानं मला चिंचा दिल्या होत्या. आता तो आसूड खाली धरून माझ्याकडं बघत होता.

सुभेदारानं त्याच्या कानाखाली वाजवली. "बाईचा हात हाय का रं तुझा? मार."

बाप माझे दोन्ही हात धरून उभा. कानाशी पुटपुटला, "गप ऱ्हा. रान जाईल."

पहिला फटका हलका होता. दुसरा सणसणून आला.

"आता कसं," सुभेदार म्हणाला. "माझा ल्योक शोभतूस."

पोराचं तोंड उजळलं. मी ते पाहिलं. जन्मात पहिल्यांदा बापाची शाबासकी मिळाली असावी त्याला, आणि ती माझ्या पाठीवर मिळाली. पुढचे फटके त्यानं कुणी न सांगता मारले.

त्याच संध्याकाळी माझ्या धाकट्या भावानं दुधाचा तांब्या लवंडला. सहा वर्षांचं पोर. मी काठी उचलली. तोंडातून शब्द काढला नव्हता, तोवर त्यानं अंगावरचं घोंगडं काढलं, नीट घडी घातली आणि पाठ फिरवून उभा राहिला. रडलासुद्धा नाही.

मला मारावंसं वाटत होतं. लय वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पाठीची आग कुणाच्या तरी पाठीवर उतरवायची होती. पण ती घोंगड्याची घडी बघून मला शिसारी आली. बापाची, सुभेदाराची आणि माझीही. काठी मी चुलीत घातली.

दोन दिवसांनी सुभेदाराचा पोरगा एकटाच आला. आसूड खांद्यावर. कोकरानं पाटाचं पाणी गढूळ केलं म्हणून त्यानं धाकट्याला पुढं बोलावलं. आता त्याला बापाच्या थपडेची गरज उरली नव्हती.

धाकटा घोंगड्याची गाठ सोडायला लागला.

"काढू नगंस," मी म्हणालो.

बाप मेंढरांतून धावत आला. "काढू दे त्येला. तू सर बाजूला." मग त्या पोरापुढं हात जोडून, "आवं धाकलं मालक, मारा, पर राग धरू नगासा."

मी धाकट्याच्या पुढं उभा राहिलो. माझं घोंगडं अंगावरच ठेवलं. आसूड त्या घोंगड्यावर पडला. बापानं "पाप झालं, पाप झालं" म्हणत कपाळ बडवून घेतलं. माझ्या पाठीसाठी त्यानं ते कधी बडवलं नव्हतं.

दुसरा फटका मी मुठीत धरला आणि हिसका दिला. आसूड माझ्या हातात आला. तसा तो पोरगा खाली बसला, दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. सवयीचं होतं त्याला ते.

मी आसूड विहिरीत टाकला.

दिवेलागणीच्या आत आम्हाला रानातून हाकललं. जोंधळ्याचा दाणा मिळाला नाही. मिरज मागं पडल्यावर बाप कळप थांबवून माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "तुझ्यापायी उपाशी मरायची पाळी आली."

"मरू," मी म्हणालो. "पर पाठ द्यायचो न्हाई."

त्या साली खरंच उपास काढले. निम्मा कळप गेला. बापाला मी माफ केलं नाही, सुभेदाराला तर नाहीच. त्याच्या पोरानंही मार खाल्ला होता, ते मला कळतं. पण आसूड त्यानं उचलला होता.

आता मला पोरं आहेत. ती कालवा करतात तेव्हा माझा हात शिवशिवतो. मी तो मांडीखाली दाबून बसतो. माझ्या घरात मार खाण्यासाठी घोंगडं उतरणार नाही. आणि बाहेरून कुणी आसूड घेऊन आला, तर या खेपेला विहिरीत नुसता आसूड जाणार नाही.