हात लावायचा पाणघोडा

सुतारकामाच्या कारखान्यात सगळे त्यांना रंधाकाका म्हणत. दारं, चौकटी आणि कपाटं करण्यात त्यांचा जन्म गेला. बोलणं मोजकंच, आणि तेही रंधा मारून गुळगुळीत केल्यासारखं, म्हणून हे नाव पडलं.

नोकरी संपत आली असताना सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालबाई कारखान्यात आल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे जिकडेतिकडे 'हात लावू नका'च्या पाट्या. मुलांच्या खोलीत एखादं लाकडी जनावर हवंय, खुशाल हात लावावा असं."

मालकांनी ते काम रंधाकाकांच्या गळ्यात घातलं. त्यांनी आजवर साधी चिमणीसुद्धा कोरली नव्हती. घरी बायको आजारपणाने अंथरुणाला खिळलेली. तिला त्यांनी विचारलं, "काय करू गं? हत्ती की कासव?"

"पाणघोडा करा," ती म्हणाली. "नुसता लोळत पडलेला. माझ्यासारखा."

दोघंही पोट धरून हसली. पाणघोडा मुलांच्या खोलीत जाऊन बसला, तेव्हा तो बघायला ती उरली नव्हती.

मग नोकरीही संपली. मुलगा, सून आणि नात लांबच्या शहरात. घरात भांडं पडलं, तरी "काय पडलं?" असं विचारणारं कोणी नाही. रंधाकाका संध्याकाळी वाचनालयात जाऊ लागले. मुलांच्या खोलीत कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसत. मुलं पाणघोड्याच्या पाठीवर चढत, उघड्या जबड्यात हात घालून "चावला, चावला!" म्हणून किंचाळत. एक चिमुरडी त्याला म्हैसच म्हणायची.

"म्हैस नाही गं, पाणघोडा," रंधाकाका एकदा न राहवून म्हणाले. "म्हशीला शिंगं असतात."

"पडलीत तिची," तिने ठणकावून सांगितलं.

ते घरी जाईपर्यंत हसत होते. पण हसून सांगणार कोणाला?

थोड्याच दिवसांत ग्रंथपालबाईंनी त्यांना बाजूला बोलावलं. "काका, वाईट वाटून घेऊ नका. काही आयांनी विचारलं, हे गृहस्थ रोज इथे का बसतात म्हणून. पाणघोडा तुम्हीच केलाय, हे मी सांगितलं त्यांना. तरीपण... मूल बरोबर नसलेल्या मोठ्यांनी या खोलीत बसायचं नाही, असा आमचा नियमच आहे."

रंधाकाकांचे कान तापले. "त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझी नात इथे खेळत असती, तर मीही विचारलंच असतं, हा म्हातारा कोण म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून ते खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रं वाचत बसू लागले. वरून धावण्याचे धपधप आवाज येत. एकच बातमी ते तीनतीनदा वाचत.

उन्हाळ्यात लाकूड तडकलं, पाणघोड्याच्या मानेला भेग पडली. एखाद्या मुलाचं बोट अडकायचं, म्हणून बाईंनी त्यांना सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलं. रिकाम्या खोलीत रंधाकाकांनी भेग साफ केली, त्याच जातीच्या लाकडाची पातळ पाचर बसवली, वरून घासून तेल चोळलं. पाठीवरून हात फिरवला, तर ती त्यांनी करून दिली होती त्याहून कितीतरी मऊ. हे पॉलिश मुलांच्या हातांचं होतं.

काम झालं होतं, पण उठावंसं वाटेना. ते पाणघोड्याला टेकून जमिनीवर बसले.

"म्हैस म्हणतात गं तुला," ते हळूच म्हणाले, आणि एकटेच हसले. मग डोळे भरून आले.

बाई चहा घेऊन आल्या. "काही म्हणालात का काका?"

"छे. लाकूड जरा कुरकुरलं."

आता मान तपासायला बाई त्यांना अधूनमधून बोलावतात, सुट्टी बघून. एरवी ते खालीच असतात.

परवा मुलाचा फोन आला. "बाबा, दिवसभर करता काय?"

"वाचनालयात जातो."

"अरे वा! तुम्ही आणि वाचन? बरं झालं, तेवढाच वेळ जातो. काय वाचता?"

"असंच," रंधाकाका म्हणाले, "जनावरांबद्दल."

मुलगा हसला, "छान, छान" म्हणाला आणि घाईत आहे असं सांगून त्याने फोन ठेवला.