डब्यात मावणारा अ‍ॅम्प

जळगावच्या वाद्यांच्या दुकानदाराने मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण त्याच्या गल्लीत ही गोष्ट उलटी सांगतात. तिथे म्हणे मी भांडकुदळ गिऱ्हाईक आहे. भांडकुदळ आहेच. पण फसवणूक त्याने केली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात आमचा ऑर्केस्ट्रा होता. आमचा म्हणजे माझा. मी अमळनेरच्या तेलगिरणीतल्या हमालाची मुलगी. लोकांच्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणता म्हणता माइक हातात आला. पुढे दुसऱ्यांच्या ऑर्केस्ट्रांत गायले आणि तिथले मालक कसे वागतात ते बघून स्वतःचाच काढला. माइक, स्पीकर, ढोलकी, झगमगीत कपडे, सगळं मी एकेक करून घासाघीस करत जमवलं. नवरा गिटार वाजवायचा. स्वभावाने गरीब, बोटांनी मात्र जादूगार.

अडचण त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरची होती. गिटारचा आवाज मोठा करणारी ती पेटी मुंबईहून जुनी आणलेली, आत काचेचे व्हॉल्व्ह. तिचा आवाज असा गोड आणि भरदार की म्हातारी माणसंसुद्धा मान डोलवायची. पण वजन! एसटीच्या टपावर ती चढवायची म्हणजे नवऱ्याने खालून खांदा द्यायचा, मी वरून दोरी ओढायची आणि कंडक्टरने मधूनच चौकशी करायची.

"यात काय आहे, ताई?"

"गिटारचा गळा."

"गळ्याचं लगेज पडेल."

"माझ्या गळ्याचं नाही लावलंस ते? त्याच गळ्याने तुझ्या मेव्हण्याच्या लग्नात गायले मी."

"तुमचा गळा सीटवर बसतो, ताई. हा टपावर जातोय."

असं दर वेळी. मग एकदा पारोळ्याच्या स्टँडवर पेटी उतरवताना नवरा वाकला तो वाकलेलाच राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, आता जड उचलायचं नाही. अमळनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये असलेल्या दिराने लगेच निरोप पाठवला की वजनकाट्याजवळ बसून करायचं काम आहे, ये.

नवरा म्हणाला, "गणपतीत दीपनगरचा कार्यक्रम आहे. तो पेटीशिवाय नीट झाला तर राहतो. नाही तर गिटार विकून जिनिंगला जातो."

हा माणूस महिन्यातून एकदा एवढं लांब वाक्य बोलतो. त्यामुळे ते खरं असणार हे मला कळलं. गिटारवाला मला दुसरा मिळाला असता. नवरा कापसाच्या गाठी मोजत बसलेला मला बघवला नसता.

तेवढ्यात जळगावला एक नवीन वस्तू आल्याचं कानावर आलं. पायाने दाबायचा छोटा डबा. गिटारची वायर त्यात घालायची, की आतलं यंत्र गणित करून मोठमोठ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करतं. डबा थेट कार्यक्रमाच्या स्पीकरला जोडायचा. पेटी नको, टप नको, कंडक्टर नको. धुळ्याच्या दुकानांत हार्मोनियम आणि तबल्याच्या पलीकडे काही मिळत नव्हतं. म्हणून श्रावणात एका सकाळी आम्ही जळगाव गाठलं.

दुकानात शिरण्याआधी नवऱ्याला नेहमीचा नियम ऐकवला. आत एक शब्द बोलायचा नाही. आवडलं तर चेहरासुद्धा बदलायचा नाही. त्याचा चेहरा असा की वस्तू आवडली की किंमत तिथेच चढते. एकदा साडीच्या दुकानात त्याने "वा" म्हटलं होतं. ते "वा" मला फार महागात पडलं होतं.

दुकानदाराने तीन डबे काढून ठेवले. पहिला पत्र्याचा, दिल्लीहून आलेला. वर 'डिजिटल' असं स्टिकर होतं आणि त्याचा एक कोपरा उचकटलेला. मी नखाने तो आणखी उचकटला, तर खाली दुसऱ्याच कशाचं तरी नाव.

"हे काय, शेठ? सकाळी बारसं केलं का याचं?"

"ताई, लेबलावर जाऊ नका, आवाज ऐका."

हेडफोन लावून ऐकला. शेजारी पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की दुकानाचा दिवा पिवळा व्हायचा आणि हा डबा गुरगुरायचा. आमच्या कार्यक्रमांत विजेचे असेच चढउतार. हा बाद.

दुसरा परदेशी, जुना वापरलेला. दिसायला देखणा. पण त्याचं पायाचं बटण अडकायचं. नवऱ्याला मी चपलेसकट दाबायला लावलं, कारण स्टेजवर तो चपलेतच असतो. तीनदा दाबलं तेव्हा एकदा आवाज बदलला. शेठ म्हणाले, "बूट घालून दाबलं की बरोबर चालतं."

"मग बूट पण द्या सोबत."

हाही बाद.

तिसरा काळा, प्लॅस्टिकचा, जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा. त्यावर लाल आकडे उजळायचे. एका आकड्यावर विलायती अ‍ॅम्पचा आवाज, दुसऱ्यावर अमेरिकन, तिसऱ्यावर देवळात घुमल्यासारखा. गिरणी चालू असताना गुरगुरला नाही. चपलेने बटण दाबलं, चाललं. आकडे अंधारात दिसतात का ते बघायला मी पदराखाली धरून पाहिले, दिसले. मग म्हटलं, "आता पायरीवर उन्हात ठेवा. श्रावण असला तरी जळगावचं ऊन आहे. चहा होईपर्यंत राहू दे तिथे."

"ताई, पापड आहेत का ते?"

"पापड परवडले. ते बिघडले तर तळता तरी येतात."

चहा झाला. डबा गरम झाला होता, पण तसाच वाजला.

आता खरी परीक्षा. मी भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे डोळ्यांनी फसायला नको, नुसते कान. आणि एक गोष्ट मी मुद्दाम केली. आमचा छोटा स्पीकर आम्ही पिशवीतून नेला होता, तो काढलाच नाही. आवाज खराब आला असता तर शेठने आमच्या स्पीकरवर ढकललं असतं. म्हणून म्हटलं, "तुमच्याच स्पीकरवर वाजवा." शेठ केवढ्या आनंदाने उठले! डब्याची वायर त्यांनी पडद्याआड नेली, काहीतरी खटखट केलं, आणि फळीवरच्या स्पीकरमधून आमच्या पेटीचाच आवाज आला. तसाच गोड, तसाच भरदार. माझ्या अंगावर काटा आला, पण भिंतीला काय दिसणार.

नवरा उठून पडद्याच्या दिशेने निघाला. त्याला म्हणे वायर कुठे जाते ते बघायचं होतं. मी त्याचा सदरा धरून खाली बसवलं. तो पुटपुटला, "अगं, जरा जास्तच..." मी चिमटा काढला. अशा वेळी कौतुक बाहेर पडलं की सगळं संपलं. पुढे तासभर मी शेठशी भांडले. दोनदा दुकानाबाहेर गेले, दोनदा त्यांनी बोलावलं. शेवटी माझ्या किमतीला डबा घेतला, वर वायर फुकट. परतीच्या एसटीत तो माझ्या मांडीवर होता. कंडक्टरने विचारलं, "यात काय?" म्हटलं, "भाकरी." लगेज लागलं नाही.

नवऱ्याने गणपतीपर्यंत घरी कानाला हेडफोन लावून सराव केला. कानात आवाज ठीक यायचा. शेजारी खूश, मीही खूश.

दीपनगर म्हणजे भुसावळजवळची वीज केंद्राची वसाहत. तिथले लोक कार्यक्रम ऐकायला खुर्च्या लवकर अडवतात आणि वाईट झाला तर तोंडावर सांगतात. दुपारी मंडपात आम्ही तारा जोडल्या. नवऱ्याने डबा मंडपाच्या मोठ्या स्पीकरना जोडला आणि तार छेडली.

पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज आला. आकडा बदलला. गांधीलमाशी तीच, डबा मोठा. मंडपवाला कानावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, मशीन कापतंय का काही?"

नवऱ्याने गिटार खाली ठेवली. रागावला नाही, हेच वाईट. "जाऊ दे," म्हणाला. "मी जिनिंगला निरोप पाठवतो."

मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. शेठच्या सात पिढ्यांपर्यंत पोचले होते. बोलता बोलता पाहिलं तर नवरा ऐकतच नव्हता. मैदानालगतच्या क्वार्टरमधून रेडिओचा आवाज येत होता. बातम्या सांगणाऱ्याचा तो जाड, उबदार आवाज ऐकत, गिटार आणि डबा उचलून तो चालत सुटला. मी मागे.

दारात एक म्हाताऱ्या अक्का कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचा मुलगा केंद्रात फिटर होता. आत फळीवर व्हॉल्व्हचा जुना रेडिओ, लाकडी, पुढे कापडाची जाळी. नवरा सरळ आत गेला आणि रेडिओच्या मागे डोकं घालून बसला.

"काय व्हयनं वं माय?" अक्कांनी मला विचारलं. "हाऊ काय चोर शे का?"

अहिराणी ऐकून मला भरून आलं. आमच्याच भागातल्या त्या. मी म्हटलं, "चोर नाही, अक्का, नवरा शे मना."

"मंग ठीक," त्या म्हणाल्या. "चोर ऱ्हाता तर काही तरी मिळतं त्याले."

जुन्या रेडिओला मागे ग्रामोफोनची वायर घालायला दोन भोकं असायची. नवऱ्याने डब्याची वायर त्यांत खोचली, गिटार छेडली, आणि रेडिओतून आमची पेटी वाजली. अगदी तीच. जळगावच्या दुकानात ऐकलेली. अक्कांच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. "आगो माय," त्या म्हणाल्या, "हाऊ बठ्ठा बाजा मना रेडिओमा व्हता?"

त्या क्षणी मला पडदा आठवला. पडद्यामागची ती खटखट आठवली. डब्याला गरज होती ती कुठल्या तरी व्हॉल्व्हची आणि कागदी स्पीकरची. स्पीकर समोर होता, पण व्हॉल्व्ह त्या शेठने पडद्याआड लपवले होते. मी एकदम ओरडले. अक्का दचकल्या.

"लई जा रेडिओ," त्या म्हणाल्या. "पन परत आणजो. आनि मले पहिला रांगमा खुर्ची."

कार्यक्रमात रेडिओ एका स्टुलावर, त्याच्यासमोर माइक. त्या रेडिओमुळे गिटारच्या तारांना हात लावला की विजेच्या बारीक झिणझिण्या येत होत्या, म्हणून नवरा अक्कांच्या घरच्या जेवणाच्या लाकडी पाटावर उभा राहिला. लोक आधी हसले. दुसऱ्या गाण्याला गप्प झाले. तिसऱ्याला पुन्हा वाजवा म्हणाले. पहिल्या रांगेत अक्का सगळ्यांना सांगत होत्या की गाणारी बाई कोणीही असो, रेडिओ त्यांचा आहे. शेवटच्या गाण्यानंतर नवरा पाटावरून उतरला आणि मला म्हणाला, "पुढचा कार्यक्रम कुठे आहे आपला?" जिनिंगचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. जाताना अक्कांनी रेडिओ आम्हाला ठेवून घ्यायला सांगितला. मुलगा नवीन घेणार होता. पेटीच्या मानाने हलका असा तो रेडिओ पुढे कित्येक वर्षं माझ्या मांडीवर बसून फिरला.

दुसऱ्या दिवशी येताना जळगावला उतरले आणि दुकानात जाऊन सरळ पडदा बाजूला केला. मागे व्हॉल्व्हची पेटी, आमच्या पेटीची सख्खी बहीण. वर देवाचा फोटो, बाजूला चहाचे कप.

"शेठ, हे काय?"

"अ‍ॅम्प आहे, ताई."

"त्या दिवशी सांगितलं नाहीत."

"तुम्हीच म्हणालात, तुमच्या स्पीकरवर वाजवा. स्पीकर यालाच लावलेला आहे. तुमचे मिस्टर बघायला येत होते, तुम्ही त्यांना बसवलंत."

बघा, कसा दोष माझ्यावर ढकलला! नवऱ्याने तेव्हा छताकडे बघितलं. मी भांडून आणखी एक वायर घेतली. डबा परत केला नाही, कारण रेडिओसोबत तो खरंच छान वाजत होता.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण काही महिन्यांनी त्या दुकानात गेले तर भिंतीवर आमचा दीपनगरचा फोटो. कुणाकडून तरी मिळवून मोठा करून लावलेला. नवरा गिटार घेऊन उभा, मी माइकवर. खाली रंगीत अक्षरांत लिहिलं होतं की हा गाजलेला कार्यक्रम आमच्या दुकानातल्या डिजिटल डब्यावर झाला. फोटो खालून आणि बाजूने कापलेला होता. पाट गेला, स्टूल गेलं, अक्कांचा रेडिओ गेला. त्या फोटोवर त्या माणसाने किती डबे विकले असतील! भडगावपासून रावेरपर्यंतची पोरं ते डबे घरी नेऊन गांधीलमाशी ऐकत बसली असतील, आणि त्यांना वाटत असेल की आपलीच बोटं वाईट आहेत.

मी तिथेच विचारलं, तेव्हा शेठ म्हणाले, "ताई, चहा घ्या." मी चहा घेतला नाही. दुकान आता त्यांचा मुलगा बघतो आणि फोटो अजून भिंतीवर आहे. म्हणून इथे सगळ्यांसमक्ष विचारते. शेठ, तुम्ही नाही तर तुमच्या मुलाने सांगावं. तो फोटो कोणी कापला? पहिल्या रांगेत ताठ बसलेल्या त्या अक्कांचा रेडिओ कात्रीने उडवण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला? मला उत्तर पाहिजे. आणि चहा नको.